लॉटरी, शासकीय

तिकिटांची विक्री करून जमा होणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा केवळ दैवाने निवडल्या गेलेल्या तिकीटधारकांस बक्षिसांच्या रूपाने वाटण्याची आणि उरलेला हिस्सा खर्च वजा जाता सरकारी तिजोरीत जमा करण्याची शासनाने चालविलेली योजना. मराठीत तीस ‘सोडत’ असेही म्हणतात. मात्र प्रत्येक सोडत ही लॉटरी नव्हे. लॉटरीस तीन घटक आवश्यक असतात : भाग घेणाऱ्याने दिलेला मोबदला, बक्षीस आणि ते कोणास मिळावे हे ठरविणारे निव्वळ दैव. यांपैकी एकही घटक नसल्यास ती योजना लॉटरीच्या व्याख्येत बसत नाही.

हा भेद लोकव्यवहारातील उदाहरणांवरून स्पष्ट होतो. सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यातील आष्टा यासारख्या नगरपरिषदेच्या गावी चिठ्ठी काढण्याचे निरनिराळे प्रकार लोकांच्या परिचयाचे असतात. नगरपरिषदेच्या निवडणुकीपूर्वी प्रभागांचे आरक्षण सोडतीने ठरते आणि दोन उमेदवारांस समान मते पडल्यास ‘ईश्वरचिठ्ठी’ काढली जाते. येथे दैव असते. परंतु कोणी पैसे लावलेले नसतात. दुसरा प्रकार भिशीचा. भिशीत प्रत्येक सभासद दरमहा ठरलेली रक्कम भरतो आणि जमा रक्कम चिठ्ठीत नाव निघालेल्या सभासदास मिळते. मात्र ज्याचे नाव एकदा निघाले, त्याचे नाव पुन्हा घातले जात नाही. त्यामुळे फेरी पूर्ण होईपर्यंत प्रत्येकास आपण भरलेली रक्कम परत मिळते. दैवाने ठरतो तो केवळ क्रम. म्हाडाच्या घरांच्या सोडतीत यशस्वी न झालेल्या अर्जदारास अनामत रक्कम परत मिळते. लॉटरीत मात्र ज्यांचे क्रमांक लागत नाहीत, त्यांची रक्कम कायमची जाते व तिच्यातूनच थोड्यांची बक्षिसे उभी राहतात. अनेकांची निश्चित व अल्प हानी आणि थोड्यांचा अनिश्चित व मोठा लाभ, हे लॉटरीचे मूळ स्वरूप होय. त्यामुळे शासनाने चालविली तरी लॉटरी हा जुगाराचाच एक प्रकार मानला जातो. [⟶ जुगार].

इतिहास : चिठ्ठ्या टाकून निर्णय घेण्याची प्रथा फार प्राचीन आहे, परंतु पैशाच्या बक्षिसांसाठी तिकिटे विकण्याची पद्धत यूरोपात पंधराव्या शतकात रूढ झाली. सध्याच्या बेल्जियम व नेदर्लंड्समधील नगरांनी तटबंदीचा खर्च व गरिबांना मदत यांसाठी लॉटऱ्या काढल्या. इटलीतील जेनोआ येथे नव्वद नावांतून पाच नगरप्रतिनिधी चिठ्ठीने निवडले जात. त्या निवडीवर लोक पैजा लावू लागले आणि त्यातून नव्वद अंकांतील पाच अंकांचा ‘लोत्तो’ हा खेळ निर्माण झाला. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी १५६९ मध्ये पहिली शासकीय सोडत झाली. तेथील शासकीय लॉटऱ्या १८२६ मध्ये बंद झाल्या व राष्ट्रीय लॉटरीच्या रूपाने १९९४ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकातील गैरव्यवहारांमुळे लॉटऱ्यांवर बंदी आली होती; १९६४ मध्ये न्यू हँपशर या राज्याने त्या पुन्हा आरंभिल्या. कराचा बोजा न वाढविता सार्वजनिक कामासाठी पैसा उभारणे हे प्रत्येक ठिकाणी सांगितलेले कारण, तर फसवणूक व गरीब वर्गाची लूट ही बंदीची कारणे होत.

भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळी कलकत्त्यात लॉटरीच्या उत्पन्नातून सार्वजनिक बांधकामे झाली. तेथील टाउन हॉल (१८१३) हे त्याचे ठळक उदाहरण असून १८१७ मध्ये नेमलेल्या लॉटरी समितीने रस्ते व तलाव यांची कामे केली. पुढे १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत २९४ अ हे कलम घालून शासनाने न चालविलेल्या अथवा शासनाची अनुमती नसलेल्या लॉटरीचे कार्यालय चालविणे हा गुन्हा ठरविण्यात आला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यात धर्मादाय कार्याच्या खर्चासाठी लॉटरी काढण्याची प्रथा होती.

स्वातंत्र्योत्तर काळात केरळने पुढाकार घेतला. त्या राज्याने १९६७ मध्ये लॉटरीचे स्वतंत्र खाते स्थापन केले. त्याची पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी झाली. तिकिटाची किंमत एक रुपया व पहिले बक्षीस ५०,००० रुपयांचे होते. त्यानंतर थोड्याच काळात अनेक राज्यांनी हा मार्ग स्वीकारला. महाराष्ट्र राज्य लॉटरीची स्थापना १२ एप्रिल १९६९ रोजी झाली.

महाराष्ट्र राज्य लॉटरी : महाराष्ट्रात लॉटरी सुरू करण्यामागे महसुलाइतकेच दुसरे एक कारण होते. मटका आणि खाजगी लॉटऱ्या यांत फसणाऱ्या लोकांना विश्वासार्ह असा पर्याय उपलब्ध करून देणे, हे या योजनेचे उद्दिष्ट सांगण्यात आले. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या आकड्यांवर पैजा लावण्याचा प्रकार पूर्वीपासून चालू होता. हे आकडे येणे १९६० नंतरच्या काळात बंद झाल्यावर स्थानिक पातळीवरच आकडा काढण्याची पद्धत निघाली. आरंभी मडक्यातून चिठ्ठी काढली जाई, म्हणून यास ‘मटका’ हे नाव पडले. पुढे पत्त्यांच्या तीन पानांच्या बेरजेचा शेवटचा अंक धरण्यात येऊ लागला. कल्याणजी भगत व रतन खत्री यांच्या नावांशी जोडलेला हा धंदा मुंबईच्या गिरणगावातून राज्यभर पसरला. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये तो गुन्हा असूनही त्याचे उच्चाटन झाले नाही.

राज्य लॉटरीचा कारभार वित्त विभागाच्या अखत्यारीतील लॉटरी आयुक्तांकडे असून तिच्या सोडती नवी मुंबईतील वाशी येथे होतात. साप्ताहिक व मासिक योजनांबरोबरच गुढीपाडवा, गणेशोत्सव, दिवाळी यांसारख्या सणांच्या निमित्ताने मोठ्या बक्षिसांच्या ‘भव्यतम’ सोडती काढण्याची पद्धत आहे. सह्याद्री, अक्षय, गणेशलक्ष्मी, गजलक्ष्मी या योजनांच्या नावांवरून लक्ष्मीची कृपा, सण व मराठी अस्मिता यांचा आधार कसा घेतला गेला, हे दिसून येते.

कार्यपद्धती : प्रत्येक योजनेसाठी तिकिटांची संख्या, किंमत व बक्षिसांचा तक्ता आधी जाहीर केला जातो. तिकिटावर मालिकेची अक्षरे, क्रमांक, सोडतीची तारीख, शासनाचे बोधचिन्ह आणि बनावट तिकीट ओळखता यावे यासाठी गुप्त खुणा छापलेल्या असतात. तिकिटे शासनाकडून मोठ्या विक्रेत्यांना सवलतीच्या दराने मिळतात व त्यांच्याकडून ती किरकोळ विक्रेत्यांच्या हाती जातात. सांगली–मिरजेसारख्या शहरांतून आष्टा, तासगाव, विटा यांसारख्या गावी, तेथून पानपट्टी, एस्.टी. स्थानक व बाजारपेठ असा या तिकिटांचा प्रवास होतो. किरकोळ विक्रेत्याचे उत्पन्न विक्रीवरील वर्ताव्यावर अवलंबून असते आणि सोडतीच्या वेळेपर्यंत न खपलेले तिकीट हा अनेकदा त्याचाच तोटा ठरतो. यामुळे अखेरच्या दिवशी रस्तोरस्ती हाका मारून तिकिटे खपविण्याची पद्धत पडली.

सोडतीच्या वेळी शून्य ते नऊ असे अंक असलेली चक्रे फिरवून क्रमांकाचा एकेक अंक निश्चित केला जातो. सोडत सार्वजनिक ठिकाणी, मान्यवर व्यक्तींसमक्ष व्हावी असा संकेत आहे. कारण लॉटरीचे सारे भांडवल म्हणजे लोकांचा विश्वास होय. निकाल वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतो. लहान बक्षिसे विक्रेत्याकडे मिळतात; मोठ्या बक्षिसांसाठी मूळ तिकीट व ओळखीची कागदपत्रे यांसह विहित मुदतीत कार्यालयाकडे मागणी करावी लागते. ज्याच्या हाती तिकीट तो धारक, असे तिकिटाचे स्वरूप असल्याने ते हरवले अथवा फाटले, तर हक्क सिद्ध करणे कठीण होते. म्हणून तिकिटाच्या मागील बाजूस नाव, पत्ता व सही लिहून ठेवणे इष्ट ठरते. मुदतीत न मागितलेली बक्षिसे शासनाची होतात. बक्षिसाच्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर व त्यावरील उपकर आकारला जातो. तिकिटावर वस्तू व सेवा कर असून १ मार्च २०२० पासून त्याचा दर सर्व लॉटऱ्यांसाठी २८ टक्के करण्यात आला, तर सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्क्यांवर नेण्यात आला.

बक्षिसांचे गणित : लॉटरीतील बक्षिसांचा तक्ता पाहून सामान्य वाचकाचे लक्ष पहिल्या बक्षिसाकडे जाते, परंतु तिकिटाचे खरे मोल सर्व बक्षिसांची रक्कम तिकिटांच्या संख्येने भागून काढावे लागते. थायलंडच्या राष्ट्रीय लॉटरीचे उदाहरण यासाठी सोयीचे आहे. तेथील तिकिटावर सहा अंकी क्रमांक असतो, म्हणजे क्रमांकांचे १०,००,००० पर्याय होतात. तिकिटाची अधिकृत किंमत ८० बात (थायलंडचे चलन) असून पहिले बक्षीस ६० लाख बातचे आहे. ते दहा लाखांत एकास मिळते. म्हणून एका तिकिटामागे त्याचे सरासरी मोल केवळ ६ बात होते. याउलट शेवटचे दोन अंक जुळल्यास मिळणारे २,००० बातचे लहान बक्षीस शंभरांत एकास मिळते व त्याचे मोल २० बात होते. आरंभीच्या व अखेरच्या तीन अंकांवरील बक्षिसांचे मोल १६ बात आणि उरलेल्या सर्व बक्षिसांचे मिळून ६ बात भरते. एकूण बेरीज ४८ बात, म्हणजे किमतीच्या ६० टक्के होते. जाहिरात पहिल्या बक्षिसाची होते. पण ग्राहक टिकवून धरण्याचे काम लहान बक्षिसे करतात. शंभरांत एकास मिळणारे बक्षीस ओळखीच्या कोणास तरी मिळालेले असते आणि त्यामुळे आपलाही क्रमांक लागेल, ही आशा जिवंत राहते. एकच व्यक्ती दीर्घकाळ तिकिटे घेत राहिली, तर तिचा अनुभव या सरासरीच्या जवळ येत जातो. म्हणजेच शंभरातील सु. चाळीस तिच्या हातून जातात.

थायलंडमधील लॉटरी : लॉटरी समाजजीवनात किती खोलवर रुजू शकते, हेही थायलंडमध्ये प्रकर्षाने आढळते. चिनी व्यापाऱ्यांच्या संपर्कातून आलेला अक्षरांवरील ‘हुआय’ हा जुगार तेथे १८३५ मध्ये राजमान्यतेने सुरू झाला व १९१६ मध्ये बंद करण्यात आला. यूरोपीय पद्धतीची पहिली लॉटरी १८७४ मध्ये निघाली. १९३९ मध्ये शासकीय लॉटरी कार्यालय स्थापन झाले. १९३५ च्या कायद्याने बहुतेक प्रकारच्या जुगारांवर निर्बंध असलेल्या या देशात शासकीय लॉटरी हे पैज लावण्याच्या मोजक्या वैध साधनांपैकी एक होय. सोडत सर्वसाधारणपणे दरमहा १ व १६ तारखेस होते आणि तिचे प्रक्षेपण देशभर पाहिले जाते. लॉटरी कार्यालय हे सरकारी तिजोरीत सर्वाधिक भर घालणाऱ्या सार्वजनिक उपक्रमांपैकी एक आहे.

शुभ क्रमांकाचा शोध हा तेथील लोकजीवनाचा भाग बनला आहे. स्वप्ने, अपघातग्रस्त वाहनांचे क्रमांक, पंतप्रधानांच्या मोटारीचा क्रमांक, जुन्या वृक्षांच्या सालीवरील आकृती यांतून अंक शोधले जातात. बँकॉकमधील महाबुत मठाच्या आवारातील ‘मे नाक’ या पिशाचदेवतेच्या स्थानी सोडतीपूर्वी भाविकांची गर्दी होते. लाकडी पेटीत तिकिटे मांडून फिरणाऱ्या विक्रेत्यांत अपंग व ग्रामीण गरीब यांचे प्रमाण मोठे आहे; ईशान्येकडील लोई प्रांताच्या वांग सफुंग जिल्ह्यातील अनेक कुटुंबे याच व्यवसायावर जगतात. मागणी असलेले क्रमांक अधिकृत किमतीहून अधिक दराने विकले जाण्याची तक्रार दीर्घकाळ होत आली असून, त्यावर उपाय म्हणून २०२२ पासून भ्रमणध्वनीवरील सरकारी प्रणालीद्वारे ठरलेल्या दरात विक्री सुरू झाली.

तथापि, अधिकृत लॉटरीच्या छायेत तेथे ‘भूमिगत लॉटरी’ वाढली. ती स्वतःची सोडत काढत नाही. शासकीय निकालाचेच शेवटचे दोन वा तीन अंक ती वापरते. तीत खेळणारा मनाजोगता अंक निवडू शकतो, वाटेल तितकी लहान रक्कम लावू शकतो व उधारीही मिळते. शिवाय दोन अंक जुळल्यास अधिकृत तिकीट आपल्या किमतीच्या २५ पट देते, तर भूमिगत चालक त्याहून कितीतरी अधिक देतात. परिणामी, शासनाची निर्दोष व सार्वजनिक सोडत अवैध जुगारास विश्वासार्ह अंक पुरविते.

मटका व लॉटरी : महाराष्ट्रातील अनुभव निराळ्या वाटेने याच निष्कर्षाकडे नेतो. मटक्यात एका अंकावर लावलेल्या रुपयास सर्वसाधारणपणे नऊ रुपये मिळतात आणि अंक लागण्याची शक्यता दहांत एक असते. आकडा प्रामाणिकपणे काढला जातो असे गृहीत धरल्यास सरासरी परतावा ९० टक्के होतो. वर सांगितलेल्या थाई तिकिटाच्या ६० टक्क्यांपेक्षा तो बराच अधिक आहे. (प्रत्यक्षात ज्या अंकावर कमी पैसा लागला असेल तोच काढण्याची मुभा चालकास असते, म्हणून ही सरासरी कागदावरच राहते.) मटक्याचा निकाल त्याच दिवशी ‘ओपन’ व ‘क्लोज’ अशा दोन वेळी लागतो, एजंट ओळखीचा असतो. आठवड्यातून एकदा सोडत होणाऱ्या, ठरीव किमतीच्या छापील तिकिटात यांपैकी एकही सोय नव्हती. म्हणून लॉटरीने मटक्याची जागा घेतली नाही. मटका न खेळणारा, कायद्याची चाड बाळगणारा असा नवा ग्राहकवर्ग मात्र तिने निर्माण केला. कारकून, शिक्षक, गिरणी कामगार व शेतकरी यांच्या खिशात तिकीट आले, ते ते जुगार मानीत नसल्यामुळेच.

मटक्याशी खरी स्पर्धा करावयाची, तर लॉटरीने मटक्याचेच रूप घेणे आवश्यक होते. १९९० नंतरच्या काळात तसे घडले. एक अंकी व दोन अंकी लॉटऱ्या निघाल्या, दिवसातून अनेक वेळा निकाल लागू लागले आणि ईशान्येकडील लहान राज्यांच्या नावाने खाजगी वितरकांनी देशभर तिकिटे विकली. मजुरीचे पैसे दिवसाअखेर लॉटरीच्या दुकानात संपत असल्याच्या तक्रारी सर्वत्र होऊ लागल्या. मटक्याला पर्याय म्हणून आलेले साधन स्वतःच मटका बनले.

कायदा : संविधानाच्या सातव्या परिशिष्टानुसार केंद्र वा राज्य शासनाने चालविलेल्या लॉटऱ्या हा केंद्र सूचीतील (नोंद ४०) विषय आहे, तर पैज व जुगार हा राज्य सूचीतील (नोंद ३४) विषय होय. मुंबई राज्य विरुद्ध आर्. एम्. डी. चमारबागवाला या खटल्यात (१९५७) शब्दकोडे व तत्सम बक्षीस स्पर्धांचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने जुगारास व्यापाराच्या मूलभूत हक्काचे संरक्षण नाही, असा निर्णय दिला. परराज्यांच्या लॉटऱ्यांवर महाराष्ट्र शासनाने घातलेली बंदी मात्र एच्. अनराज खटल्यात (१९८४) टिकली नाही. त्यामुळे इतर राज्यांच्या तिकिटांना महाराष्ट्राची बाजारपेठ खुली राहिली.

संसदेने १९९८ मध्ये लॉटरी (विनियमन) अधिनियम संमत केला. त्यानुसार एका अंकावर किंवा पूर्वघोषित क्रमांकावर बक्षीस देता येत नाही. तिकिटे शासनाच्या बोधचिन्हासह छापावी लागतात. सोडत राज्य शासनाने स्वतः व आपल्याच राज्यात काढावी लागते. विक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात जमा करावी लागते. एका लॉटरीची आठवड्यातून एकाहून अधिक सोडत काढता येत नाही आणि वर्षातून सहापेक्षा अधिक भव्यतम सोडती काढता येत नाहीत. वेगवेगळ्या नावांच्या अनेक योजना एकाच वेळी चालवून साप्ताहिक मर्यादेला बगल देता येते, ही या कायद्यातील एक उणीव होय. कलम ५ अन्वये राज्यास इतर राज्यांच्या लॉटऱ्यांवर बंदी घालता येते; परंतु बी. आर्. एंटरप्रायझेस खटल्यातील निर्णयानुसार (१९९९) ज्या राज्याने स्वतःची लॉटरी बंद केली असेल, त्यालाच हा अधिकार वापरता येतो. त्याच निर्णयात शासनाने चालविल्याने लॉटरीतील जुगाराचा अंश नाहीसा होत नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. तमिळनाडूने २००३ मध्ये व कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरीवर पूर्ण बंदी घातली. यामुळे सीमाभागात एक विसंगती निर्माण झाली : सांगली जिल्ह्यात मिरजेस उघडपणे विकले जाणारे तिकीट काही कोसांवरील अथणी वा बेळगाव येथे विकणे गुन्हा ठरते.

आर्थिक व सामाजिक परिणाम : महसुलाच्या दृष्टीने राज्याराज्यांचे अनुभव भिन्न आहेत. केरळात लॉटरीची वार्षिक विक्री २०२३-२४ मध्ये बारा हजार कोटी रुपयांहून अधिक झाली. २०११ मध्ये सुरू झालेल्या कारुण्य लॉटरीचे उत्पन्न गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी वापरण्यात आले. महाराष्ट्रात मात्र राज्य लॉटरीचे उत्पन्न राज्याच्या एकूण महसुलाच्या मानाने नगण्य राहिले आहे. विक्रीच्या आकड्यातील मोठा भाग बक्षिसे, वर्तावा व छपाई यांवर खर्च होत असल्याने विक्री म्हणजे शासनाचे उत्पन्न, असे समजणे चुकीचे ठरते.

लॉटरीच्या समर्थनार्थ असे सांगितले जाते, की ती ऐच्छिक आहे, जुगाराची प्रवृत्ती बंदीने नष्ट होत नाही, तिचा पैसा अवैध धंद्यांऐवजी लोकोपयोगी कामांकडे वळतो आणि हजारो विक्रेत्यांना रोजगार मिळतो. विरोधी बाजूने असा आक्षेप घेतला जातो, की तिकिटाची किंमत सर्वांना सारखीच असल्याने अल्प उत्पन्नाच्या व्यक्तीवर तिचा भार प्रमाणाने अधिक पडतो; म्हणजे लॉटरी हा गरिबांनी स्वखुशीने भरलेला कर ठरतो. ज्या भागात हातात एकरकमी पैसा येण्याचे मार्ग मोजके असतात, तेथे या आशेचे आकर्षण अधिक असते. ऊसबिलाच्या हप्त्यावर वर्षाचा ताळेबंद बसविणाऱ्या कृष्णाकाठच्या कुटुंबास घरबांधणी, लग्न वा विहीर यांसाठी लागणारी रक्कम भिशीतून, सहकारी पतसंस्थेतून किंवा कर्जातून उभी करता येते. भिशीत चिठ्ठी आज निघाली नाही, तरी कधीतरी ती निघतेच. लॉटरीच्या तिकिटास अशी कोणतीही हमी नसते.

शासन एका हाताने जुगारास प्रतिबंध करते व दुसऱ्या हाताने त्याची जाहिरात करते, या विसंगतीवर सर्वमान्य तोडगा निघालेला नाही. सोडतींची संख्या मर्यादित ठेवणे, निकाल जलद लागणाऱ्या योजना टाळणे, बक्षिसांची शक्यता तिकिटावर स्पष्टपणे छापणे आणि निधीच्या विनियोगाचा हिशेब प्रसिद्ध करणे, हे उपाय त्या दृष्टीने सुचविले जातात. लॉटरी अवैध जुगाराशी वेग व प्रलोभन यांत स्पर्धा करू लागली, की तिच्यातील व त्याच्यातील अंतर नाहीसे होते, हेच थायलंड व महाराष्ट्र यांच्या अनुभवांवरून दिसून येते.

[⟶ जुगार, भिशी, सार्वजनिक आयव्यय].